गारगोटी कुणाची?

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की पंचवीस-तीस किलोमीटरवर राजूर येतं. महाराष्ट्रात राजूर नावाची गावं एकाहून जास्त आहेत. वणीकडच्या राजुरात कोळसा निघतो, अकोले तालुक्यातलं राजूर सह्याद्रीच्या कुशीत आहे. जालन्याचं हे राजूर मात्र गणपतीचं. टेकडीवर राजुरेश्वराचं देऊळ, अंगारकीला पायी येणाऱ्यांची रीघ, आणि साडेतीन गणेशपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ अशी श्रद्धा. ज्या वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली त्याची नगरी हीच, असंही इथे मानतात. मी गेलो होतो दर्शनालाच. परतताना गाडी थांबवली ती एका विहिरीपाशी.

विहीर नवी होती, सात-आठ परस खाली गेलेली. यारीने वर काढलेला मलबा काठावर रचला होता. विहिरीच्या ढिगाऱ्यात एक गंमत असते: जमिनीतले थर तिथे उलटे लागतात. सगळ्यात खाली काळी माती, तिच्यावर मुरूम, आणि सगळ्यात वर, हाताशी येईल असा, तळातून काल-परवा निघालेला ओला खडक. या वरच्या खडकावर उन्हात काहीतरी लकाकत होतं. जवळ जाऊन बघतो तर मुठीएवढ्या काळ्या दगडाला पोकळी, आणि आत पांढऱ्या, किंचित गुलाबीसर पाकळ्यांचे जुडगे. मधोमध काचेसारखा एक चौकोनी तुकडा. पोकळीच्या कडेने राखाडी-निळसर पट्ट्यांची साल.

"काहून पाहता काका? गारा हायेत त्या," विहिरीवरचं पोरगं म्हणालं. "लई निघतात. पाय कापतो."

बरोबर होतं त्याचं. शेतात पायाला लागणारी, बैलाच्या खुराला टोचणारी ती गार. पण हीच गार स्वच्छ धुऊन, कापसात गुंडाळून अमेरिकेतल्या टूसॉनला किंवा जर्मनीतल्या म्युनिकला गेली की काचेच्या कपाटात बसते आणि तिच्याखालच्या चिठ्ठीवर नाव येतं: जालना, महाराष्ट्र. खनिजं जमवणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींना जालना ठाऊक आहे ते मोसंबीमुळे नाही आणि बियाण्यांमुळेही नाही. ते या पाकळ्यांमुळे.

या पाकळ्या तिथे आल्या कशा, ते आधी सांगितलं पाहिजे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागावर लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. आजही त्यांनी व्यापलेला भाग पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वायू विरघळलेला असतो. दाब कमी झाला की तो बुडबुड्यांनी बाहेर पडू बघतो. तो निसटायच्या आत लाव्हा थिजला की अनारशाला पडते तशी जाळी खडकाला पडते. विहिरी खणणारे या जाळीदार, ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. अखंड, टणक थर तो काळा पाषाण, आणि दोन लोटांच्या मध्ये लागणारी तांबडी माती ती गेरू. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत यांना लांबलचक नावं आहेत, पण पाणी कुठे लागेल हे सांगायला मांजऱ्या हा एकच शब्द पुरतो.

लाव्हा थंड झाल्यावरही त्यातून पाणी मुरत राहिलं, गरम पाणी. त्याने खडकातून सिलिका, चुना, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेतलं आणि जाळीच्या पोकळ्यांत थेंबाथेंबाने आणून ठेवलं. आधी भिंतीवर सिलिकेची साल धरली, ते अकीक. त्यावर कुठे स्फटिक, कुठे कॅल्साइट, आणि मग स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मेसोलाइट असल्या नावांचं कुटुंब, झिओलाइट. शेजारी चौकोनी, काचेसारखं बसतं ते ॲपोफिलाइट. ते झिओलाइटांच्या घरात राहतं पण त्यांच्या गोत्रातलं नाही. फुलं उमलायला रात्र पुरते. या दगडी पाकळ्यांना किती हजार वर्षं लागली असतील याचा विचार करत मी तिथे उन्हात उभा राहिलो आणि पोरगं माझ्याकडे बघत राहिलं.

झिओलाइट हे नाव १७५६ मधलं. अॅक्सेल क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असाच एक दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला. दगड फसफसला, फुगला, उकळल्यासारखा दिसला. ग्रीकमधून त्याने नाव घडवलं, अर्थ 'उकळणारा दगड'. आपल्याकडे तव्यावर तुरटीची लाही करतात तेव्हा नेमकं हेच घडत असतं: स्फटिकाच्या पोटात बांधलेलं पाणी उष्णतेने बाहेर पडतं. फरक एवढाच की तुरटीची लाही झाली की तिचा मूळ सांगाडा मोडतो. झिओलाइटांच्या कुटुंबातले बरेच जण मात्र पाणी गमावूनही सांगाडा शाबूत ठेवतात आणि रिकाम्या खोल्यांत दुसरे पाहुणे घेतात. २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी देश तडफडत होता तेव्हा रुग्णालयांच्या आवारात जे ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या टाक्यांत कारखान्यात बनवलेलं झिओलाइटच होतं. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतं. राजूरच्या विहिरीतल्या गारेचं हे चुलत भावंड.

आता मुद्द्याचं. समजा हा दगड मला घरी न्यायचा आहे. विकायला नाही, नुसता कपाटात ठेवायला. नेता येईल?

पहिला धक्का असा की मुठीएवढ्या या दगडात कायद्याच्या नजरेने किमान दोन सरकारं नांदतात. बाहेरचा काळा खडक म्हणजे इमारतीचा दगड, तो गौण खनिज. गौण खनिजांचे नियम राज्य करतं. आपल्याकडे ते २०१३ चे आहेत, महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम. पट्ट्यापट्ट्यांचं अकीक आणि पांढरं कॅल्साइट यांना केंद्राने १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने गौण ठरवलं. एका फटक्यात ३१ खनिजं राज्यांकडे गेली होती तेव्हा. त्या ३१ मध्ये स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झही, होता. पण २० फेब्रुवारी २०२५ ला स्फटिक, फेल्स्पार, अभ्रक आणि बॅराइट यांना पुन्हा उचलून प्रमुख खनिजांत बसवलं, कारण ज्या खडकांत ही सापडतात त्यांतच लिथियमसारख्या मोलाच्या धातूंची शक्यता असते. म्हणजे पोकळीच्या भिंतीवरची सिलिका बारीक कणांची असेल तर अकीक म्हणून गौण, आणि तीच सिलिका टोकदार स्फटिक होऊन पुढे आली तर प्रमुख. रसायन एकच. मधल्या गुलाबी पाकळ्यांचं, म्हणजे झिओलाइटांचं, नाव गौण यादीत नाहीच. जे गौण म्हणून जाहीर झालं नाही ते आपोआप प्रमुख, अशी कायद्याची रीत आहे.

जुन्या यादीतली एक नोंद तर मला फार आवडते. त्यात चाल्सेडनीच्या, म्हणजे अकीकाच्याच घराण्यातल्या सिलिकेच्या, गोट्या गौण ठरवल्या आहेत, पण फक्त बॉल मिलमध्ये, म्हणजे दळणाच्या फिरत्या पिंपात, वापरायच्या असतील तर. गोटी तीच, नदीतली. कशासाठी उचलली यावर तिची जात ठरते. मातीचंही तसंच. साधी माती ३ फेब्रुवारी २००० पासून गौण खनिज झाली, पण भराव घालायला किंवा सपाटीकरणाला वापरली तर. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने यावर खटला लढवला. पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर दंड कसला, असा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की नुसतं खणणं पुरेसं नाही, मातीचा वापर कशासाठी झाला तेही बघावं लागेल. कायदा असा मातीकडे बघताना तिच्या हेतूकडे बघतो, हे मला त्या दगडाइतकंच नवलाचं वाटतं.

पण हेतूच बघायचा, तर मग हौस हाही हेतूच की! तिथे मात्र शुकशुकाट. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा, कलम ४, म्हणतो की परवाना असल्याखेरीज कोणीही खनिजाचा शोध घेऊ नये आणि ते काढू नये. शोध म्हणजे काय, तर खनिजाचे साठे हुडकण्यासाठी, त्यांची जागा ठरवण्यासाठी केलेलं कोणतंही काम. खाणकाम म्हणजे काय, तर खनिज मिळवण्यासाठी केलेलं कोणतंही काम. 'कोणतंही' या शब्दाला तळ नाही. पोकलेन त्यात येतं आणि, शब्दशः वाचलं तर, खिशातली हातोडीही येते. सूट आहे ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या सरकारी संस्थांच्या शोधकामाला. मोडल्यास कलम २१: पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. हेक्टरी! मुठीचं हेक्टरात रूपांतर कसं करायचं, हे कुणी सांगत नाही.

व्यवहारात मूठभर गारेसाठी कुणी पंचनामा करायला येत नाही, हे उघड आहे. तहसीलच्या पथकाला पूर्णा-गिरजेच्या पात्रातली वाळू राखता राखता रात्री पुरत नाहीत. तिथे माप ब्रासमध्ये चालतं, शंभर घनफुटांचा एक ब्रास. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि ट्रॅक्टर जप्त होतात. ही सगळी यंत्रणा ट्रॉली मोजायला बनलेली आहे. खिसा मोजायची सोय तिच्यात नाही, आणि खिशाला माफी द्यायचीही नाही.

त्याच कलम ४८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकून विहिरीचे मालक जरा गप्प झाले. पोरगं त्यांना बोलावून घेऊन आलं होतं. जमीन तुमच्या नावावर, सातबारा तुमचा, विहिरीचा खर्च तुमचा, पण खालच्या खनिजावर हक्क महाराष्ट्र शासनाचा, वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर. केरळातल्या मलबारमधल्या जन्मी, म्हणजे पूर्वापार खासगी मालकीच्या, जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जमीनमालकाच्या बाजूने कौल दिला, कारण तिथे खनिजाचा हक्क सरकारने रीतसर काढून घेतलेलाच नव्हता. आपल्या संहितेत मात्र हे १९६६ सालीच लिहून ठेवलेलं आहे. "म्हणजे पाणी आमचं आन् दगूड सरकारचा?" मालकांनी विचारलं. पाण्याच्या मालकीचा विषय मी काढला नाही. संध्याकाळ होत आली होती.

विहिरीच्या बांधापलीकडे गायरान सुरू होत होतं. सार्वजनिक जमीन म्हणतात ती मराठवाड्यात अशी दिसते: चार-दोन बाभळी, तरवडाची झुडपं, शेरडांच्या पायवाटा, एका कोपऱ्यात मुरूम खणून पडलेला खड्डा ज्यात पावसाळ्यात पोरं पोहतात, आणि अलीकडे बऱ्याच गावांत सौर पॅनेलांच्या रांगा. एकाच तुकड्यावर किती जणांचे किती व्यवहार! गुरं चारायला ती मोकळी ठेवलेली असते. गावाच्या रस्त्याचा मुरूम तिथूनच, पण परवानगीने. अतिक्रमणं आहेतच. जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं सगळ्या राज्यांना बजावलं. पुढे आपल्या संहितेत २२-अ हे कलम घालून गायरान दुसऱ्या कामाला द्यायला आळा घातला गेला, काही सार्वजनिक कामांचा अपवाद ठेवून. शेरडू चरू शकतं, गुराखी झोपू शकतो, सरकार पॅनेल लावू शकतं. दगडाच्या हौशीने वाकून बघणाऱ्या माणसाचा रकाना या सगळ्यात कुठेच नाही. बघायला मनाई नाही. खणलं की मात्र तो वर सांगितलेल्या कलमांच्या हद्दीत शिरला.

जंगलात तर वाकून उचलण्याचीही पंचाईत. १९२७ च्या वन कायद्यातली वनोपजाची व्याख्या काढून बघा. मध, लाख, डिंक यांच्याच ओळीत दगड आणि खनिजंही बसवली आहेत. राखीव जंगलातली गारगोटी म्हणजे कायद्याने तेंदूपत्त्याची बहीण. लोणारला विवराच्या काठावरचा दगड उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तिथे उल्केच्या धडकेने काच झालेलं खनिज मिळतं. तिथे अभयारण्य आहे, जुनी देवळं संरक्षित आहेत, २०२० पासून पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा मानही आहे. तिथे हात खिशात ठेवलेले बरे.

इतर देशांनी हा खिशाचा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडने सोनं धुणाऱ्या हौशी लोकांसाठी नद्यांचे काही पट्टे वेगळे काढले आहेत. तिथे परवाना लागत नाही, पण हत्यारं हातातलीच. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९९४ पासून हौशी शोधाचा स्वतंत्र कायदाच आहे, आणि गावजत्रेचं तिकीट काढावं तसा तिथे परवाना काढता येतो. अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवर गुरं चरतात, लोक शिकारीला जातात, खाणींचे दावे चालतात आणि हौशी माणसाला दगडही वेचता येतात. दगड झालेलं प्राचीन लाकूड तर त्यांनी अगदी वजन करून दिलं आहे: माणशी दिवसाला २५ पौंड, म्हणजे सुमारे अकरा किलो, आणि वर एक तुकडा. वर्षाला २५० पौंडांच्या वर नाही, आणि विकायचं नाही. 'वर एक तुकडा' ही उदारता मला भाजीवालीच्या कोथिंबिरीसारखी वाटते. अर्कान्सामध्ये तर नांगरून ठेवलेलं ३७ एकरांचं शेत आहे. तिकीट काढा, दिवसभर माती चाळा, हिरा सापडला तर तुमचा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच जागा मला माहीत आहे, मध्य प्रदेशातलं पन्ना. तिथे वर्षाला दोनेकशे रुपये भरून कुणालाही आठ मीटर बाय आठ मीटरचा पट्टा मिळतो. मजूर, शेतकरी, गृहिणी, सगळे खणतात. सापडलेला हिरा मात्र हिरा कार्यालयात जमा करायचा. लिलाव होतो, स्वामित्वधन कापून बाकीचे पैसे शोधणाऱ्याला. याला हौस म्हणणं जिवावर येतं, कारण बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असतं. पण सामान्य माणसाने जमिनीत काहीतरी शोधावं याला सरकारी कागदावर एक रकाना आहे, हे खरं.

आणि शोधायची खोड तर इथली जुनी आहे. राजूरहून त्याच रस्त्याने पुढे गेलं की भोकरदन, सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावं कोरलेली आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये आला. उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचं साम्य अभ्यासकांना चक्रावून टाकतं. माझं लक्ष मात्र त्या उत्खननातल्या मण्यांकडे जातं. अकीकाचे, तांबड्या कार्नेलियनचे मणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, पेरिप्लसमध्ये, लिहिलंय की पैठणहून पट्टेदार दगड गाड्या भरभरून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला येतात. ते दगड कुणी वेचले? कुणीतरी असंच उन्हात वाकून, लाव्हाच्या या जाळीतून सुटलेल्या, ओढ्याने घासून गोल केलेल्या गारा उचलत गेलं असणार. मग त्या भाजून लाल करायच्या, भोक पाडायचं, घासायचं.

त्यानंतर मोठा खंड पडला. विलायतेतल्या संग्राहकांना दख्खनच्या गारांचं वेड लागलं ते पुष्कळ उशिरा. पुण्याहून गेलेल्या एका खनिजाला १८३१ मध्ये पूनालाइट हे नावही मिळालं होतं. पुढे ते आधीच ठाऊक असलेलं मेसोलाइट निघालं आणि पुण्याचं नाव यादीतून गेलं. पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये, वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट आज जगात मिरवतंय. १८५६ ते १८६३ बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फोडला तेव्हा निघालेले गुच्छ ब्रिटनच्या संग्रहालयांत जाऊन बसले. आजही बहुतेक नमुने खणून काढलेले नसतात. रस्त्याच्या खडीसाठी खाण फोडताना, विहीर खणताना ते अचानक निघतात. खडी पाडणाऱ्या यंत्रात जाण्याआधी कुणी बाजूला काढला तर तो नमुना, नाहीतर डांबराखालची खडी. ज्यांना असे वाचलेले दगड बघायचेत त्यांनी सिन्नरला के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये उभं केलेलं गारगोटी संग्रहालय बघावं. मग आपण कशावरून गाडी चालवतो याचा जरा वेगळा विचार येतो.

विहिरीच्या मालकांनी शेवटी स्वतःच तो दगड उचलून माझ्या हातात दिला. मी दिला परत. बदल्यात ढिगाऱ्यातला हरभऱ्याएवढा एक पांढरा कपचा मागून घेतला आणि त्यांनी हसत हो म्हटलं. दगड त्यांच्या घरी तुळशीपाशी गेला. तिथे आधीचे दोन होतेच, एकाला हळदकुंकू लावलेलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या सराफ्यात एका सोनारकाकांच्या पेढीवर बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. कपचा दाखवला, क्रॉनस्टेटची गोष्ट सांगितली. काकांनी चिमट्यात धरला, फुंकणी तोंडाला लावली आणि ज्योत वाकवली. कपचा आधी दुधी पांढरा झाला, मग त्याच्या पाकळ्या एकेक सुटत गेल्या, वळवळल्या, आणि बघता बघता तो दुप्पट फुगून वाकडातिकडा झाला. "तुरटीवानी फुललं की!" काका म्हणाले, आणि पुन्हा एकदा फुंकर मारून बघितली. चिमटा सैल केल्यावर त्याचा चुरा खालच्या धुळीत पडला. मी तो वेचायला वाकलो तर त्यांनी हाताने थांबवलं. खालची धूळ झाडून डब्यात भरून ठेवलेली असते, ती कुणाला उचलू देत नाहीत. आठवड्याने झारेकरी येतो, ती विकत घेतो, धुतो, आणि त्यातून सोन्याचे कण काढतो.

"यावेळी त्याला जरा जास्त धुवावं लागंल," काका म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.